दोन्ही पल्ले डावे

माझ्या उभ्या आयुष्यात मी एकच वस्तू विणली आहे, आणि तिच्यापायी एका आठवड्यात बायकोकडून जेवढी बोलणी खाल्ली तेवढी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाकडून खाल्ली नाहीत. साहेबांची हिंमतच नव्हती म्हणा. मी सरकारी कचेरीत घरांचे नकाशे काढायचो, आणि माझ्या टेबलावर कुणी चहाचा कप ठेवला तरी अंगावर धावून जायचो. बायकोपुढे मात्र हा राग कधी चालला नाही. ती सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "झालं? आता पंखा बंद करा, मला दिवा लावायचाय."

त्या रविवारी सकाळी खारघरहून मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, फोन आला. तो आणि त्याची बायको तीन वर्षं मूल दत्तक घेण्यासाठी यादीत नाव लावून बसले होते. कागद, तपासण्या, मुलाखती, पुन्हा कागद. आणि आता मुलगी मिळाली होती, सात महिन्यांची. शुक्रवारी घरी आणायची, पुढच्या रविवारी घरातल्या घरात बारसं. बायको फोनवर नुसती "अय्या! अगं बाई! खरंच?" करत राहिली. फोन ठेवला, पर्स उचलली, पेढे आणायला निघाली आणि आमच्या बिल्डिंगच्या नुकत्याच पुसलेल्या लॉबीत आडवी झाली. उजवं मनगट मोडलं. दुपारी नेरूळच्या हॉस्पिटलातून बाहेर पडलो तेव्हा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. सहा आठवडे हलवायचा नाही.

"फार दुखतंय का गं?" मी रिक्षात विचारलं.

"बंडीचं काय करायचं?" ती म्हणाली.

ही बंडी म्हणजे बिनबाह्यांची, पुढून बटणं लावायची लोकरीची बंडी. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. घरात कुठलंही मूल जन्मलं की बारशाला त्यांच्या हातची बंडी त्याच्या अंगावर असायचीच. त्या गेल्यावर ते काम बायकोकडे आलं. तिच्या माहेरच्या कुठल्याही पोराचा बारशाचा फोटो काढा, बंडी आहे. मे महिन्यात जन्मलेल्या बिचाऱ्यांनाही सुटका नाही. आणि एक नियम आहे: मूल आलं, पक्कं झालं, असं कळल्याशिवाय एक टाकाही घालायचा नाही. आधी विणलेलं अशुभ. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी वाशीच्या दुकानातून आणलेली पिवळी लोकर आमच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात तशीच पडून होती. मुलगा की मुलगी ठाऊक नव्हतं म्हणून पिवळी.

एवढ्यावर भागलं असतं तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे, बाजारातून आणू. पण तीन वर्षांपूर्वी आमच्याच जेवणाच्या टेबलावर एक भानगड झाली होती. मेहुण्यानं दत्तक घ्यायचं ठरवल्याचं सांगितलं आणि बायको पटकन बोलून गेली, "लोकाचं मूल घरात आणण्यापेक्षा आपल्यातलंच एखादं बघा की." तिच्या भावजयीनं, म्हणजे मेहुण्याच्या बायकोनं, हातातला घास ताटात ठेवला. उठून हात धुतले, आणि खाली गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून दिवाळीला येते, नमस्कार करते, "ताई, बरं आहे ना?" विचारते आणि बरं आहे हे ऐकून घ्यायला थांबत नाही. बायकोला त्याच संध्याकाळी पश्चात्ताप झाला होता. पण 'चुकलं' हा शब्द आमच्या दोघांच्याही तोंडातून निघत नाही. ती बंडी हेच तिचं 'चुकलं' होतं, आणि ते आता मनगटासकट मोडलं होतं.

"हात मोडलाय हे तिला दिसेलच की," मी म्हणालो.

"तिला वाटेल, बरं निमित्त मिळालं हिला. सगळ्या पोरांना आहे, नेमकी या पोरीला नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि शेजारणीकडून वगैरे करून घ्यायची नाही. घरच्याच माणसानं विणायची असते."

"मी काय मग भाडेकरू आहे?"

ती एवढी हसली की रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मी मात्र चिडूनच बोललो होतो. बोललो आणि अडकलो.

सोमवारी सकाळी मेहुण्याकडून छातीचं अंदाजे माप घेतलं आणि मी टेबलावर आलेखाचा कागद पसरला. एक चौकोन म्हणजे एक टाका. पाठीचा एक तुकडा, पुढचे दोन पल्ले, काखेचा काप, गळ्याचा उतार, सगळं पेन्सिलीनं नेमकं काढलं. बायको कौतुकानं बघत होती. "नकाशा झकास आहे," ती म्हणाली, "आता सुया धरा."

तिथे माझी बोंब झाली. सुया निसटायच्या, लोकर बोटांना गुंडाळायची, टाका गळायचा आणि खाली खाली पळत जायचा. "सैल धरा. अहो, गळा कशाला आवळताय तिचा! सैल!" चारदा टाके घातले, चारदा उसवले. पाचव्यांदा मी सुया सोफ्यावर आपटल्या, चपला घातल्या आणि सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत चालत गेलो. तिथे एक कोळीदादा फाटलेलं जाळं दुरुस्त करत बसले होते. हात आपोआप चालले होते आणि लक्ष सगळं शेजारच्याशी गप्पा मारण्यात. मला त्यांचा भयंकर राग आला. घरी आलो तेव्हा बायको ती पाटी घेऊन बसली होती.

पाटी म्हणजे ई-रीडर. मुलानं बंगळुरूहून पाठवला होता, आणि मी त्याला पहिल्या दिवसापासून नावं ठेवत होतो. पुस्तकाला वास नाही, जाडी नाही, किती उरलं ते हाताला कळत नाही, खाली नुसते टक्के दाखवतो. पण बायकोचा तो जीव की प्राण. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि आता तर तिच्या उपयोगाला चांगलाच आला होता. डाव्या हातात धरायचा आणि त्याच अंगठ्यानं पान उलटायचं.

"बसा," ती म्हणाली. "मी मोठ्यांदा वाचते, तुम्ही विणा. सुई थांबली की वाचन बंद."

रहस्यकथा होती. थंड हवेच्या ठिकाणचं हॉटेल, धुकं, आणि पहिल्याच प्रकरणात जिन्याखाली मॅनेजर मरून पडलेला. मला असल्या गोष्टींत रस नाही असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे. तरी मॅनेजरच्या कोटाच्या खिशात किल्ली सापडली आणि नेमका माझा टाका गळला, तेव्हा तिनं वाचायचं थांबवल्यावर मी खेकसलो, "अगं, कुठल्या खोलीची किल्ली?"

"आधी टाका उचला."

मी उचलला. अशी आमची गाडी रुळावर आली.

मंगळवार आणि बुधवार म्हणजे काय सांगू, मजेत गेले. सकाळी मी चहा करायचो, तिची वेणी घालायचो (तीही शिकलो, त्यात फार शिव्या खाल्ल्या नाहीत), आणि नऊच्या आत आम्ही बाल्कनीत. एक सुई सुलट, एक सुई उलट. कुकरच्या शिट्ट्या मोजायला मध्ये थांबायचं, की पुन्हा हॉटेल. जेवायला डाळ-भात आणि वरून लोणचं, कारण पोळ्या लाटणारे हात प्लास्टरमध्ये होते आणि माझ्या पोळीला ती नकाशाच म्हणते. निवृत्त झाल्यापासून दिवसभर एका जागी असे दोघं आम्ही कधी बसलोच नव्हतो. मी पेपर घेऊन आत, ती बाहेर, असंच चालायचं. मला बरं वाटत होतं आणि ते मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "मग मनगट आधीच मोडायला हवं होतं."

बुधवारी संध्याकाळी पाठीचा तुकडा संपला. तिनं तो मांडीवर पसरला, डाव्या हाताचं बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथे दुसरा खून झाला ना?" मी बघितलं. खरंच, तेवढ्या चार ओळी आवळून बसल्या होत्या. खाली इन्स्पेक्टर चहा पीत चौकशी करतो तिथे टाके कसे ऐसपैस. त्यानंतर काही भयंकर घडणार असलं की ती आधीच सांगायची, "हात सैल सोडा हं, दार वाजतंय." घडणार आहे हे हिला आधीच कसं कळतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

तो गुरुवारी पडला. जेवण झाल्यावर मी आडवा झालो तेव्हा पाटीवर एक्केचाळीस टक्के होते. उठून बघतो तर अठ्ठावन्न.

"तू पुढे वाचलंस!"

"छे. बोट लागलं असेल."

"सतरा टक्के बोट?"

"अहो, मला एकच हात आहे. लागतं बोट." एवढं म्हणून ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी अर्धा तास फुगून बसलो. पण फुगून विणता येत नाही, टाके आवळतात, म्हणून राग सोडावा लागला.

त्या संध्याकाळी बाल्कनीत उकडायला लागलं म्हणून आम्ही खाली सोसायटीच्या बागेत जाऊन बसलो. वॉकला निघालेले एक गृहस्थ थांबले. "काय साहेब, रिटायरमेंट एकदम जोरात! स्वेटर का?"

"बंडी," मी म्हणालो. "आणि टाके मोजतोय, पुढे व्हा."

ते गेले, पण दोन आजी शेजारच्या बाकावर टेकल्या आणि कान देऊन ऐकायला लागल्या. जरा वेळानं त्यातली एक म्हणाली, "बाई, कालपर्यंत काय झालं ते सांगा ना थोडक्यात." बायकोनं सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तेवढ्यात माझा पहिला पल्ला पुरा झाला.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला मोबाइलवर फोटो आला. मुलगी घरी आली होती. भावजयीच्या कडेवर, डोक्यावर जेमतेम जावळ, मूठ तोंडात आणि डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले, कोण रे तू, असं विचारल्यासारखे. बायकोनं तो फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. "गळ्याचं माप बरोबर आहे ना हो?" एवढंच बोलली. मला वाटलं, हिला फोन करायचाय. मी म्हटलंही, कर की. तिनं नको म्हणून मान हलवली. मी सुया घेतल्या आणि चारपर्यंत दुसरा पल्लाही संपवला. मग ऐटीत पलंगावर तिन्ही तुकडे मांडले, मध्ये पाठ, दोन बाजूंना पल्ले.

आणि मला घाम फुटला.

दोन्ही पल्ले डाव्या बाजूचे होते. दोन्हींचा काखेचा काप एकाच अंगाला, गळ्याचा उतार एकाच अंगाला. एक उलटा करून लावावा, तर आतली खडबडीत बाजू बाहेर येत होती. मी नकाशा बघितला. तिथेही एकच पल्ला काढून शेजारी लिहिलं होतं, 'असे दोन'. अहो, माझी सगळी नोकरी याच कामात गेली! या नव्या मुंबईत भिंतीला भिंत लावून उभी असलेली जोडघरं आहेत ना, एकाचा जिना डावीकडे तर शेजारच्याचा उजवीकडे, एकाचं स्वयंपाकघर इकडे तर दुसऱ्याचं तिकडे, त्यांचे नकाशे काढताना मी एका घरावरून दुसरं आरशात दिसावं तसं उलटून काढायचो. नवी पोरं ते उलटायला विसरली की त्यांच्या पिढ्या काढायचो. आणि मीच लिहून ठेवलं होतं, असे दोन!

मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. बायको आवाज ऐकून आली, पलंगाकडे बघितलं आणि आधी खो खो हसली. हसता हसता पलंगाच्या कडेवर बसली आणि मग रडायलाच लागली. मी पार घाबरलो. पडली तेव्हाही ती रडली नव्हती.

"अगं, उद्याचा दिवस आहे की. उसवतो आणि परत करतो."

"तसं नाही हो." तिनं डाव्या हातानं डोळे पुसले. "त्या पोरीचे डोळे बघितलेत तुम्ही? तिला मी लोकाचं मूल म्हटलं. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात, तेव्हा जन्मलीही नव्हती, आणि मी आधीच तिला बाहेर काढून बसले. हे मला तीन वर्षं खातंय. बंडी नसली तर मी त्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहू?"

मी तिच्या शेजारी बसलो आणि दुसऱ्या पल्ल्याचं टोक शोधून उसवायला सुरुवात केली. ती एका हातानं लोकर गुंडाळत राहिली.

शनिवारी सहाला उठून सुरुवात केली. पाटी टेबलावरच होती. "वाच," मी म्हणालो.

"आज नको. खुनी सापडायला आलाय, टाके आवळाल." ती माझ्या शेजारी बसली आणि प्रत्येक ओळ मोजून देत राहिली. उसवलेली लोकर वेडीवाकडी कुरळी झाली होती, टाके सारखे बसत नव्हते. पण मी चिडलो नाही. बायको नंतर कित्येकांना सांगायची की त्या दिवशी यांनी एकदाही आवाज चढवला नाही, मला वाटलं ताप आला. जेवण खाली दुकानातून मागवलं. संध्याकाळी पाचला उजवा पल्ला उजव्या बाजूचा निघाला. तो तीनदा तपासला. मग तिन्ही तुकडे शिवले, पाच बटणं लावली, ती दातांनी दोरा तोडत होती आणि मी गाठी मारत होतो. अंधार पडायच्या आत बंडी पलंगावर होती. वर जरा आवळलेली, खाली ऐसपैस, एका बाजूला कुरळी. सासूबाईंनी बघितली असती तर मला जेवायला वाढलं नसतं.

रविवारी रिक्षानं खारघरला गेलो. बायको वाटभर बंडीचं पुडकं मांडीवर धरून बसली होती. लिफ्टमध्ये अचानक म्हणाली, "डाव्या हातानं कसं देऊ हो? पहिल्यांदाच देतेय तिला काही."

"मी देतो."

"नको. मलाच द्यायचंय."

दार भावजयीनंच उघडलं. "या ताई, या दाजी. फार लागलं का?" आवाज नेहमीचा, नीटनेटका. कडेवरची मुलगी आमच्याकडे टकामका बघत होती. आत दहा-बारा माणसं, मध्ये फुलं बांधलेला पाळणा आणि पाळण्याशी भावजयीची एक मैत्रीण नऊवारी नेसून, नथ घालून बसलेली. आत्याच्या जागेवर. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो, आणि तिथे कुणाला बसवायचं हे आम्हाला न विचारता ठरलं होतं. बायकोनं ते पाहिलं. मला वाटलं, ही आता माघारी फिरणार. पण तिनं पुडकं प्लास्टरवर ठेवलं, खालून डाव्या हाताचा आधार दिला आणि ताट पुढे करावं तसं पुढे केलं.

भावजयीनं मुलीला नवऱ्याकडे दिलं आणि पुडकं उघडलं. बंडी उलटसुलट करून बघितली. आतली शिवण बघितली, त्या आवळलेल्या ओळी बघितल्या. "हा हात असताना कशी केलीत?"

"मी नाही. यांनी विणली. मला जमत नव्हतं म्हणून." बायको म्हणाली. "आईची रीत आहे, आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाला असते. मी त्या दिवशी जे बोलले ना तुला, ते..." मग सगळ्यांसमोर, चांगलं मोठ्यांदा म्हणाली, "चुकलं गं माझं."

भावजय पुढे झाली. मुलीला घेतलं आणि त्या भर उकाड्यात फ्रॉकवर बंडी चढवली, पाचही बटणं लावली. मुलीनं खाली बघितलं आणि एक बटण धरून तोंडाकडे ओढायला लागली. मग भावजय पाळण्याजवळ गेली आणि मैत्रिणीला म्हणाली, "तू जरा सरकतेस का? तिची आत्या आलीय."

बायको बसली. मुलगी पाळण्यात, बायको वाकून तिच्या कानाशी, आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. आत्या कानात कुर्रर करते तेव्हा घालतातच, थट्टेनं, हलक्या हातानं. एकीनं घातला, दुसरीनं घातला. आणि मग एक असा बसला की खोलीत आवाज घुमला. तो भावजयीचा होता. हसणाऱ्या बायका गप्प झाल्या.

बायको वाकलेलीच होती. मान न वळवता म्हणाली, "अजून एक मार."

भावजयीचा हात वर गेला, आणि धपाटा न घालता तसाच खाली येऊन तिच्या पाठीवर टेकला. नाव सांगून झालं, पाळणा म्हणून झाला, पेढे वाटून झाले, तरी तिनं तो काढला नव्हता.